आई-बाबा, घराचे कागद कपाटातच राहू द्या

आई, बाबा,

समोर बसून बोललं की दहा मिनिटांत आईचे डोळे भरून येतात आणि बाबा तुम्ही उठून गॅलरीत जाता, म्हणून हे टाईप करून पाठवून राहिली. मोठं झालंय. आई, चष्मा लाव आणि बाबांना वाचून दाखव, आणि मधेच थांबून फोन नका करू, आधी पूर्ण वाचून घ्या.

नोकरी सोडायचं माझं ठरलंय. महिन्याच्या शेवटी राजीनामा देते, नोटीस पिरियड संपला की छतावरच्या सोलरचं काम स्वतःचं सुरू. हे सांगितलं तेव्हापासून तुम्ही तीन गोष्टी म्हणून राहिले. चालू नोकरी कोणी सोडतं का, लोक काय म्हणतील, आणि तिसरी म्हणजे धंदा आपल्या रक्तातच नाही. पहिल्या दोनचं मला काही वाटत नाही, काळजी आहे ती आणि ती असणारच. पण ती रक्ताची गोष्ट मला पटत नाही आणि त्याच्यावरच मला बोलायचंय.

बाबा, जरीपटक्यात तुमचे ते कापडवाले होते न, ज्यांच्याकडून आपण दिवाळीचे कपडे उधारीवर आणायचो. फाळणीनंतर सिंधी लोक तिथे आले ते रिकाम्या हातानं आले. त्यांच्यासाठी ओळखीचा कोणता साहेब ऑफिसात बसलेला नव्हता की बाबू म्हणून चिकटवून घेईल. त्यांनी फेरी केली, ठेले लावले, मग दुकानं टाकली. त्यांच्या घरात दुकान म्हणजे रिस्क नाहीच, दुकान म्हणजे सेफ, कारण पोरगा बुडाला तर काका माल उधार देतो, मामा आपल्या गल्ल्यावर बसवून घेतो, दोन वर्षात पुन्हा उभा राहतो. इतवारीतल्या मारवाडी घरात पण हेच. आणि आपल्यात? आपल्यात मागे उभे राहणारे सगळे नोकरीतले. आत्याचे मिस्टर झेडपीत, मोठे बाबा पोस्टात, तुम्ही वीज बोर्डात. आपल्याला फॉर्म कुठे भरायचा, कोणत्या परीक्षेची तयारी कशी करायची हे सांगणारे दहा जण होते पण बँकेकडून सीसी लिमिट, म्हणजे धंद्यासाठी फिरतं कर्ज, कशी घेतात हे सांगणारा एक पण नव्हता. मग पोरगी धंद्याला घाबरेल नाही तर काय. हे रक्ताचं नाही हो बाबा, मागे कोण उभं आहे त्याचं आहे.

आणि आपल्या घरात रिस्क घेतलीच नाही असं तर अजिबात नाही. मामाकडे पहा काटोलला. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला येणारी फुलं, धरायचा म्हणून तो मे महिन्यात संत्र्याच्या झाडांचं पाणी तोडतो. ताण देतो. 44-45 डिग्रीच्या उन्हात पानं गळून राहिली, जमीन भेगाळली, आणि माणूस मुद्दाम पाणी देत नाही कारण ताण बसल्याशिवाय फुलं येत नाहीत, आणि मग जूनमध्ये पाऊस लांबला तर बहार पण गेला आणि झाड पण गेलं. बरं बहार फुटला तरी पुढे फळगळ आहे, कोळशी रोग आहे, गारपीट आहे, आणि एवढं सगळं पार पडलं तरी कळमन्याच्या बाजारात भाव काय लागेल ते तिथे गाडी उभी केल्यावर कळतं. हे मामा दरवर्षी करतो. वर्षाची सगळी कमाई एका पावसावर लावतो. आणि लग्नकार्यात भेटला की मलाच म्हणतो, पोरी एवढी रिस्क नको घेऊ. आपण शेतीला कधी रिस्क म्हटलंच नाही, कारण ती सगळेच घेत होते, आणि नाही म्हणायची सोयच नव्हती.

बाबा, तुम्ही त्याच्यातूनच बाहेर पडले होते न. आजोबांची कोरडवाहू जमीन, सावकाराकडून उचललेले पैसे, जप्तीची भीती, हे सगळं पाहून तुम्ही 1984 ला बोर्डाच्या कोराडी वीज केंद्रात लागले. मला वाटतं तुमच्यासाठी पगार म्हणजे फक्त पगार नव्हता, पहिल्यांदा घरात असं काही आलं होतं की जे पावसावर अवलंबून नाही.

तुमची ती हिशोबाची डायरी मी पाहिली आहे. मागच्या दिवाळीत माळा साफ करताना निघाली होती, तेव्हा तिथेच बसून वाचली. एका पानावर ऑगस्ट महिना. दूध, किराणा, आजीच्या दम्याची औषधं, काकाची कॉलेज फी, एलआयसीचा हप्ता, आत्याच्या लग्नाच्या भिशीचे पैसे, गावी मनिऑर्डर, माझे शाळेचे बूट, आणि खाली शिल्लक 40 रुपये. एका पगारावर नऊ माणसं होती. ज्या माणसाच्या पगारावर नऊ माणसं आहेत त्यानं नोकरी सोडून दुकान टाकावं असं कोणी म्हटलं असतं तर तो वेडेपणाच होता. तुम्ही भित्रे नव्हते, तुमचा हिशोब बरोबर होता. फक्त माझा हिशोब आता वेगळा आहे आणि तो वेगळा आहे तो तुमच्यामुळेच. माझ्या पगारावर आज कोणाची फी नाही, कोणाची मनिऑर्डर नाही. फ्लॅटचा हप्ता तुमच्या जावयाच्या, नितीनच्या पगारातून जातो. तुम्ही ती नऊ माणसं पार केली म्हणून मला हे करता येऊन राहिलं.

आता ती पर्मनंट नोकरीची गोष्ट. 2005 ला बोर्डाच्या चार कंपन्या झाल्या तेव्हा घरातलं वातावरण मला आठवतं, तुम्ही रोज संध्याकाळी युनियनच्या मीटिंगला जायचे, आई देवाजवळ दिवा लावून बसायची. नोकरी राहिली, पण ती राहीलच हे त्या महिन्यांत कोणी सांगू शकत नव्हतं. आणि कोराडीला तुमच्याच बाजूला तेच काम करणारी कंत्राटी पोरं होती, हे तुम्हीच जेवताना सांगायचे. चुलतभाऊ 2010 ला झेडपी शाळेत लागला तेव्हा आपण पेढे वाटले, पण नोव्हेंबर 2005 नंतर राज्य सरकारात लागलेल्यांना जुनी पेन्शन नव्हतीच, म्हणून तर मार्च 2023 ला तो संपात रस्त्यावर बसला होता. आणि माझी तर प्रायव्हेट नोकरी, एका शुक्रवारी मीटिंगला बोलावून आमच्या टीममधल्या चार जणांना सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं, त्यातला एक चौदा वर्षं जुना होता. म्हणजे तुम्ही मला जे सोडू नको म्हणता ते तुमच्या वेळचं आहे, माझ्या हातात ते नाहीच आहे.

नागपुरात याच्याहून मोठं उदाहरण काय पाहिजे. जमशेदजी टाटांनी मुंबई सोडून इथे एम्प्रेस मिल काढायची ठरवली, कारण कापूस इथला, आणि जागा घेतली ती जुम्मा तलावाजवळची दलदलीची. इथल्या एका सावकारानं पैसे द्यायला नाही म्हटलं होतं, म्हणे हा माणूस खड्डा खणून त्यात सोनं भरून राहिला. 1 जानेवारी 1877 ला मिल सुरू झाली आणि नंतर त्याच सावकारानं कबूल केलं की यानं माती भरली आणि सोनं काढलं. पुढे त्याच मिलमधली नोकरी म्हणजे शहरातली पक्की नोकरी झाली, बापानंतर पोरगा लागायचा. 2002 मध्ये ती बंद झाली, आज तिथे मॉल आहे, आपण तिथे पिक्चर पाहायला जातो. ज्याला सगळे बुडीत म्हणत होते ते सव्वाशे वर्षं चाललं, आणि जे पक्कं म्हणत होते ते एक दिवस थांबलं. मला एवढंच म्हणायचं आहे की कोणती गोष्ट पक्की आणि कोणती कच्ची हे आजूबाजूचे लोक सांगतात तेव्हा ते फक्त आजवर जे पाहिलं ते सांगत असतात.

तुम्ही दर वेळी तुमच्या त्या मित्राचं नाव काढता, बोर्ड सोडून ठेकेदारी केली आणि घर विकावं लागलं. बाबा, मी त्यांना जाऊन भेटली. वाडीला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे त्यांचं, चांगलं चालू आहे, पोरगी फिजिओथेरपिस्ट झाली, माझ्यासाठी चहा मागवला आणि दोन तास बोलले. ते धंद्यामुळे नाही बुडाले. कामं होती त्यांच्याकडे. बिलं अडकली, वर्ष वर्ष पैसे निघेनात, आणि तोपर्यंत मजुरांचे पैसे द्यायला त्यांनी बाजारातून महिना 3 टक्क्यांनी उचलले आणि शेवटी घर गहाण टाकलं. वर्षाचे 36 टक्के झाले ते. कोणताही धंदा असो, 36 टक्क्यांत कोण टिकेल. पण आपल्या सगळ्या नातेवाईकांत ही गोष्ट फक्त "नोकरी सोडली म्हणून बुडाला" एवढीच राहिली. पंचवीस वर्षं झाली तरी लग्नात कोणीतरी ती काढतंच. माणूस पुन्हा उभा राहिला हे कोणी सांगत नाही. मला वाटतं आपल्याकडे पैसे बुडण्यापेक्षा या गोष्टीचीच भीती जास्त आहे, की नाव कायमचं चिकटतं.

म्हणून मी काय काय करणार नाही ते आधी सांगते. सरकारी टेंडर घेणार नाही. बाजारातून एक रुपया व्याजानं उचलणार नाही. फक्त घरगुती कामं, आणि मटेरियल साइटवर जायच्या आधी 70 टक्के पैसे हातात. केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटच्या सोलरला 78,000 सबसिडी आहे, ती ग्राहकाच्या खात्यात येते, आणि बरेच व्हेंडर ती आधीच कापून कमी रेट सांगतात, मग आपले पैसे अडकवून बसतात. ते मी करणार नाही, भले दोन ग्राहक कमी मिळाले तरी चालेल. माझे स्वतःचे 9 लाख आहेत, ते पूर्ण गेले तर गेले असं धरूनच चालली आहे, आणि घरखर्चाचे एक वर्षाचे पैसे वेगळे एफडीत आहेत त्याला हात नाही. पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत पाहणार. तोपर्यंत महिन्याचा खर्च निघाला नाही तर परत नोकरी शोधणार, माझ्याकडे बारा वर्षांचा इलेक्ट्रिकलचा अनुभव आहे, नोकरी मिळते.

आणि कामात दम आहे बाबा. तुम्हाला तर समजतं. पॅनलची पॉवर 25 डिग्रीवर मोजलेली असते, त्याच्या वर प्रत्येक डिग्रीला साधारण 0.3 ते 0.4 टक्के उतरते. आपल्या स्लॅबवर मे महिन्यात पॅनल 60-65 पर्यंत तापतं. तरी इथे लोक ब्रोशरमधला आकडा सांगून विकून राहिले आणि मग बिल आलं की ग्राहक भांडतो. स्ट्रक्चर थोडं उंच घ्यायचं, खालून हवा खेळू द्यायची, अर्थिंग नीट करायचं, आणि किलोवॅटला दिवसाचे 4 युनिट धरा, पावसाळ्यात त्याहून कमी, हे आधीच कागदावर लिहून द्यायचं. एवढं जरी प्रामाणिकपणे केलं तरी नागपुरात काम कमी पडणार नाही, इथे ऊन कमी आहे का.

एक गोष्ट लागली मला, ती पण सांगते. आई, तू परवा म्हणालीस की कर बाई, तशी पण जावईबापूंची नोकरी आहेच. तू धीर द्यायला म्हणालीस हे कळतं. पण माझ्या जागी दादा असता तर हे वाक्य आलं नसतं, त्याच्या धंद्याची काळजी झाली असती, माझ्या धंद्याचा टाईमपास होतो. मला काळजी केलेली चालेल. पोरीनं हौस म्हणून काहीतरी काढलं असं कोणाला नका सांगू, मी लोकांच्या छतावर चढून घाम गाळणार आहे, दोन माणसांना पगार देणार आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाबा, मागच्या आठवड्यात तुम्ही नितीनला हळूच विचारलं की घराच्या कागदावर किती लोन मिळेल. त्यानं मला सांगितलं. माझ्या पोटात गोळा आला. तुम्हाला धंदा पटत नाही आणि तरी घर द्यायला निघाले, हेच आपल्या लोकांचं आहे, पोरगं रिस्क घेतं आणि आईबाप न सांगता त्याच्याखाली आपली म्हातारपणाची सोय घालून ठेवतात. बोर्डात पेन्शन नव्हती. पीएफसोबतच्या ईपीएस पेन्शनचे जे थोडे येतात ते सोडले तर पीएफ-ग्रॅच्युइटीची एफडी आणि हे नंदनवनचं घर, एवढंच आहे तुमच्याकडे. ते माझ्या हिशोबात कुठेच नाही. मी एलएलपी, म्हणजे मर्यादित देण्यांची भागीदारी, करून राहिली, 2008 च्या कायद्यानं त्यात धंद्याची देणी माझ्या घरादारापर्यंत येत नाहीत, पण बँकेला आपण स्वतःहून पर्सनल गॅरंटी लिहून दिली की ते कवच जातं, म्हणून तुम्ही दोघांनी कुठेही गॅरंटर म्हणून सही करायची नाही. लोन लागलं तर सरकारच्या मुद्रा योजनेतून घेईन, त्याला तारण लागत नाही. मी उद्या घाबरून, रडून मागितलं तरी कागद द्यायचे नाही. हे मी आज डोकं शांत असताना लिहून देऊन राहिली, तेव्हा हे मला दाखवा.

रविवारी सकाळी येते. जे जे विचारायचं असेल ते बाबा तुम्ही लिहून ठेवा, खर्चाची शीट मी प्रिंट काढून आणते, त्यात जिथे मी कमी पैसे धरले असं वाटेल तिथे पेनानं खूण करा. आणि आई, आत्यानं फोनवर विचारलं तर सुट्टीवर आहे असं नको सांगू. नोकरी सोडली, सोलरचं काम सुरू करून राहिली, असंच सांग.

तुमची,
मनू