सुरक्षेचे लॉकेट फोनशिवायही चालावे

महोदय,

महिलांच्या सुरक्षेसाठी बटण दाबताच मदतीचा इशारा पाठवणारी लॉकेट, अंगठी, ब्रेसलेट अशी उपकरणे बाजारात आली आहेत. त्यातली बरीचशी ब्लूटूथने फोनला जोडलेली असतात. फोन हिसकावला किंवा त्याची बॅटरी संपली, की लॉकेट निरुपयोगी! २०१८ मध्ये दहा लाख डॉलर बक्षिसाची ‘विमेन्स सेफ्टी एक्सप्राइझ’ ही अशा उपकरणांची स्पर्धा दिल्लीच्या लीफ वेअरेबल्स या कंपनीने जिंकली. त्या स्पर्धेच्या अटी मला फार मोलाच्या वाटतात. इशारा कुणाच्या लक्षात न येता द्यावा, तो ९० सेकंदांत पोहोचावा, उपकरण इंटरनेट नसतानाही चालावे आणि वर्षाचा खर्च ४० डॉलरच्या आत असावा. पहाटे उसाच्या फडावर निघालेल्या बाईला किंवा रात्रपाळीहून परतणाऱ्या परिचारिकेला याहून कमी चालणार नाही. बटण साडीवर कुठे बसेल, थरथरत्या हाताने दाबता येईल का, हे त्यांनाच विचारून ठरवावे.

शिवाय इशारा फक्त नातेवाइकांना जाऊन भागत नाही. भाऊ परगावी असेल तर तो काय करणार? ११२ या आपत्कालीन मदत क्रमांकाची यंत्रणा महिलांच्या सुरक्षेसाठीच्या सरकारी निर्भया निधीतूनच उभी राहिली आहे. ही उपकरणे तिच्याशी जोडण्याचे काम गृह विभागाने तातडीने हाती घ्यावे.

– एक वाचक, सांगली