खाचेतलं पाणी

लातूर

चि. स्वरास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडलीस. त्यानंतर मला झोप लागली नाही. संगणकानं पहिल्या नंबरला बसवलेला रेणू प्रयोगात काहीच करत नाही, हे ऐकलं की पोटात कसा गोळा येतो ते मला ठाऊक आहे. 2016 च्या उन्हाळ्यात माझंही हेच झालं. तू दहावीला होतीस, मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, आपण टँकरपुढे घागरी लावायचो. रात्री मी एचआयव्हीच्या प्रोटिएजवर, म्हणजे त्या विषाणूला वाढायला लागणाऱ्या एंझाइमवर, डॉकिंग चालवायचो: औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत कसा आणि किती घट्ट बसेल, याचा संगणकी अंदाज. प्रथिनाच्या रचनेची फाईल तयार करताना पाण्याचे सगळे रेणू पुसून टाकायचे, हा माझा शिरस्ता. तिथंच मी चुकलो.

या एंझाइमच्या दोन साखळ्या, प्रत्येकीत 99 अमिनो आम्लं. मधल्या खाचेवर दोन झडपा. औषध आत शिरलं की झडपा मिटतात, आणि झडपा व औषध यांच्या मधोमध पाण्याचा एकच रेणू राहतो. त्याचे दोन हायड्रोजन बंध औषधाकडे, दोन झडपांच्या टोकाकडच्या आयसोल्युसिन 50 कडे. मी तो पुसला आणि माझा रेणू त्या मोकळ्या जागेत ऐसपैस बसवला. डॉकिंगचा आकडा झकास आला, पण तपासणीत परिणाम शून्य.

1994 मध्ये काही संशोधकांनी त्या पाण्याच्या जागी स्वतःचा ऑक्सिजन बसवणारा चक्रीय युरिया हा कड्याच्या आकाराचा रेणू मुद्दाम घडवला. अडकलेलं पाणी सुटलं की एन्ट्रॉपी, म्हणजे रेणूंची मोकळीक, वाढते, पकड घट्ट होते, असा त्यांचा हिशेब. उलट 1995 ला मंजूर झालेलं साक्विनाविर हे एचआयव्हीवरचं औषध ते पाणी तसंच ठेवून बसतं. दोन्ही वाटा खऱ्या. पण ठरवायचं आपण, पुसून टाकायचं नाही.

आकड्यावर जीव टाकू नकोस. खोलीच्या तापमानाला पकडीच्या ऊर्जेत मोलमागे 1.4 किलोकॅलरीचा फरक म्हणजे पकडीत दहापट फरक, आणि डॉकिंगमध्ये दोनेक किलोकॅलरींची चूक सहज होते. प्रथिनाच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्ड 2 या प्रोग्रॅमच्या रचनेत तर पाणी नसतंच.

आमच्या सरांनी प्रथिनाच्या साखळीत कुठले कोन शक्य ते दाखवणारा 1963 चा रामचंद्रन आलेख फळ्यावर काढून शिकवला. घरी येऊन मी काळ्या मातीच्या गोळ्यांत तुराटीचे तुकडे खोचून साखळी केली आणि एकेक काडी फिरवत बसलो. कुठल्या कोनात दोन गोळ्या एकमेकींना भिडतात, ते बोटांना कळलं. तेव्हापासून रेणू हातानं फिरवून बघितल्याशिवाय माझं समाधान होत नाही. तूही पडद्यावर तो फिरव, तासभर नुसती बघत बस.

मग प्रयोगातून मिळालेली मूळ फाईल उघड. खाचेतल्या पाण्याच्या प्रत्येक रेणूचा बी-फॅक्टर, म्हणजे तो जागेवर किती हलतो याचा आकडा, बघ, तीन अँगस्ट्रॉमच्या (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) आत त्याला कोण धरून आहे ते टिपून ठेव. पाण्यासकट आणि पाण्याविना, दोन्ही डॉकिंग कर. निकाल मलाही पाठव, मी रात्री जागाच असतो.

आजीनं शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवलीय, शनिवारच्या गाडीनं पाठवतो.

तुझे बाबा