ज्युडीबाई, नक्कल आता कानाने पाठ होते

आदरणीय ज्युडीबाई डेंच यांना,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलंच, तर कुणीतरी ते तुम्हाला वाचून दाखवेल. माझीही पत्रं आता सूनच वाचते. मॅक्युलर डीजनरेशन, म्हणजे मधली नजर जाण्याचं डोळ्यांचं दुखणं. समोरच्या माणसाचे कान दिसतात, खांदे दिसतात, चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट डाग. डॉक्टरांनी निदान सांगितलं तेव्हा मला पहिली काळजी पडली ती नकलेची, म्हणजे नाटकातले माझे संवाद पाठ कसे करायचे याची. सांगलीत हौशी नाटकं करत म्हातारी झालेल्या बाईला दुसरं काय सुचणार!

नातवाने तुमचं नाव काढलं. तोवर माझ्या लेखी तुम्ही म्हणजे सिनेमात जेम्स बॉण्डला झापणारी त्याची साहेबीण, एक ब्रिटिश नटी. तुम्हालाही हेच दुखणं आहे, तुमच्या आईलाही होतं, हे तुम्ही २०१२ मध्ये उघडपणे सांगून टाकलंत. संहिता वाचता येत नाही, मुलगी किंवा स्नेही वाचून दाखवतात, हेही सांगितलंत. आणि वर्तमानपत्रांनी गहजब केला तेव्हा उगाच बाऊ करू नका म्हणून सुनावलंत. आमच्याकडे नटमंडळी असलं काही सांगत नाहीत. कामं मिळायची बंद होतात ना.

मग मीही तेच धरलं. आधी रेकॉर्ड करून ऐकलं, पण यंत्र आपल्यासाठी थांबत नाही. आता सून सगळ्यांची वाक्यं वाचते आणि माझं आलं की गप्प बसते. यात एक गंमत झाली. पूर्वी मी माझ्यापुरतं पाठ करायची आणि क्यूची वाट बघायची. आता समोरच्याचं अख्खं वाक्य कानात असतं, त्यामुळे उत्तर देताना ते खरंच ऐकून दिल्यासारखं येतं. दिग्दर्शकाला वाटलं, बाईंनी वयाच्या मानाने सुधारणा केली!

तुमचा तो किस्सा तर मी तालमीत सगळ्यांना ऐकवला. २०१५ मध्ये लंडनच्या गॅरिक थिएटरमध्ये शेक्सपिअरचं ‘द विंटर्स टेल’ करताना तुमच्यासोबत काम करणाऱ्या केनेथ ब्रॅनानी तुम्हाला सांगितलं, की हेच भाषण आठेक फूट उजवीकडे बघून म्हटलंत तर ते मला म्हटल्यासारखं होईल, आत्ता तुम्ही ते रंगमंचाच्या कमानीला ऐकवताय. त्याच भूमिकेसाठी तुम्हाला तिकडच्या रंगभूमीचा मानाचा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला. आमच्याकडे आता माझ्या समोरचा नट एंट्री घेताना चप्पल जरा वाजवतो आणि लेव्हलच्या, म्हणजे रंगमंचावरच्या चौथऱ्याच्या, कडेला पांढरी पट्टी चिकटवलेली असते.

तुमचं बाकीचं आयुष्य नंतर कळत गेलं. तुम्हाला ते सांगायला नको, पण हे पत्र इथलेही लोक वाचणार आहेत. यॉर्कच्या डॉक्टरांची मुलगी, व्हायचं होतं नेपथ्यकार. नाट्यशाळेतून थेट लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात, १९५७ साली ‘हॅम्लेट’मधली ऑफेलिया. समीक्षकांनी झोडपलं, अमेरिकेच्या दौऱ्याआधी ती भूमिका काढून घेतली, तरी तुम्ही लहान भूमिका घेऊन दौऱ्यावर गेलात. तुमच्या चेहऱ्यात सगळंच चुकलंय, असं एका सिनेमावाल्याने सुनावलं होतं म्हणे. पुढे ‘शेक्सपिअर इन लव्ह’मधल्या पहिल्या राणी एलिझाबेथच्या काही मिनिटांच्या कामाला ऑस्कर मिळालं तेव्हा त्या गृहस्थाचं काय झालं असेल! राणी व्हिक्टोरिया तर दोनदा केलीत, १९९७ मध्ये आणि २०१७ मध्ये. दुसऱ्या चित्रपटात आमच्यावरचं राज्य जरा फारच गोड दाखवलंय, ते मला रुचलं नाही. पण तो दोष तुमच्या अभिनयाचा नव्हे.

मला सगळ्यात मोठं वाटतं ते १९७६ चं ‘मॅकबेथ’. स्ट्रॅटफर्डमधली पत्र्याची शेड, दिग्दर्शक ट्रेव्हर नन, समोर इयन मकेलन. नेपथ्य जवळजवळ नाहीच, जमिनीवर एक वर्तुळ आणि बाहेर खोक्यांवर बसलेले नट. त्याचं चित्रीकरण आहे. मी ते टीव्हीला नाक लावून, एका कडेने पाहिलं. लेडी मॅकबेथ झोपेत चालते तो प्रवेश मी शिरवाडकरांच्या मराठीत खूप वर्षांपूर्वी केला होता, ठसक्यात, हातवारे करून. तुमची बाई हात चोळते, आणि मग तिच्या पोटातून एक लांबलचक कण्हणं येतं, थांबतच नाही. ते मला दिसलं थोडं, ऐकू आलं सगळं.

२०२३ मध्ये टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात तुम्ही शेक्सपिअरचं एकोणतिसावं सुनीत तोंडपाठ म्हटलंत. हातात कागद नाही. सुनेला इंग्रजी कवितेत रस नाही, तरी तिने ते मला पुन्हा लावून दिलं.

यंदाच्या स्पर्धेच्या नाटकात मला आजीचं काम आहे. लेखकाने आजीला पेपर वाचताना दाखवलंय. मी त्याला म्हटलं, पेपर नातीच्या हातात दे, आजी ऐकेल आणि मधेच तिला टोकेल. त्याला पटलं. त्या प्रवेशाबद्दल आणि अजून स्टेजवर आहे त्याबद्दल मनापासून आभार.

आपली,
एक हौशी नटी, सांगली