नजर पडली, पण दिसले नाही

महोदय,

‘समोर होते तरी दिसले कसे नाही?’ असे अपघातानंतर चालकाला हमखास विचारले जाते आणि ‘खरंच दिसले नाही’ हे उत्तर थाप समजले जाते. मेंदूविज्ञान ते इतक्या सहज उडवून लावत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत २४ अनुभवी रेडिओलॉजिस्टना सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसातील गाठी शोधायला सांगितल्या. शेवटच्या स्कॅनमध्ये संशोधकांनी गोरिलाचे चित्र घातले होते, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठे. २० जणांना ते जाणवलेच नाही. नजरेचा माग घेणाऱ्या यंत्राने तर दाखवले, की त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांची नजर थेट त्या चित्रावर पडली होती! डोळ्यांनी काम चोख केले होते, पण लक्ष गाठींत गुंतलेले असल्याने ते दृश्य जाणिवेपर्यंत पोचलेच नाही.

म्हणूनच हँड्सफ्री फोनला सुरक्षित म्हणणे मला धोक्याचे वाटते. हात मोकळे असले तरी लक्ष मोकळे नसते. शेजारी बसलेला माणूस अवघड वळण पाहून बोलणे थांबवतो; फोनवरच्याला रस्ता दिसतच नाही. अनेक ठिकाणी कायदा फक्त फोन हातात धरायला मनाई करतो. मनाई गाडी चालवताना फोनवर बोलण्यालाच हवी.

– एक वाचक