तारामासा नव्हे, ब्रिटल स्टार

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

"तू काम करतोस तो शेवटी तारामासाच ना?" असं तुम्ही विचारलंत. फोनवर उरकण्यासारखं उत्तर नाही, म्हणून लिहितो.

तारामासा नव्हे, त्याचा चुलतभाऊ ब्रिटल स्टार. तारामाशाचे हात मधल्या अंगातूनच रुंद बुडाने निघतात आणि टोकाकडे निमुळते होतात. ब्रिटल स्टारची तबकडी वेगळी, पाच बारीक हात वेगळे. सध्या माझ्या टेबलावर आहे ती हजार-दोन हजार मीटर खोल चिखलावर राहणारी ओफिओम्युझा लायमनाय. तबकडीवरच्या चुनखडी पट्ट्या इतक्या जाड आणि घट्ट बसलेल्या, की हाताला चिनी मातीच्या बशीसारखी लागते. उलटी केली की मधोमध तोंड, भोवती पाच जबडे. गुदद्वार नाहीच! खाल्लेल्याचा चोथा आल्या वाटेनेच बाहेर. (आईला जेवताना वाचून दाखवू नका.)

खरी गंमत हातात आहे. आत मणक्यांसारख्या हाडकांची रांग, बाहेर चारी बाजूंनी पट्ट्या. बहुतेक ब्रिटल स्टारमध्ये नलिकापाद (नळीसारखे मऊ, बारीक पाय) हाताच्या टोकापर्यंत छिद्रांतून बाहेर येतात. हिच्यात मात्र ठळक छिद्रं मुळाशीच, पहिल्या दोन-तीन खंडांपुरती. पुढे दोन्ही बाजूंच्या पट्ट्या वर-खाली एकमेकींना भिडतात आणि हात जवळजवळ बंद नळी होतो. सुईच्या टोकाने एकेक खंड सरकत हे पाहायचं, म्हणजे मान आखडतेच.

नावाचं म्हणाल, तर १८७३ मध्ये स्कॉटिश निसर्गशास्त्रज्ञ वायव्हिल थॉमसन यांनी अमेरिकी अभ्यासक थिओडोर लायमन यांच्यावरून ते ठेवलं, तेव्हा प्रजाती (जीनस, म्हणजे नावाचा पहिला शब्द) ओफिओम्युझियम होती. आता ओफिओम्युझा. संग्रहातल्या नमुन्यांच्या जुन्या बरण्यांवर जुनंच नाव आहे, आणि ते खोडायचं नाही, शेजारी नवी चिठ्ठी ठेवायची, हा नियम मला फार पटतो. २०१७ मध्ये तर ब्रिटल स्टारची अख्खी वर्गवारीच नव्याने मांडली गेली. आधार दोन: डीएनए, आणि हाताच्या बाजूच्या पट्ट्यांची सूक्ष्मदर्शकाखालची ठेवण. त्या पट्ट्या जीवाश्मांतही टिकतात, म्हणून लाखो वर्षांपूर्वीचा सुटा तुकडाही कुळाला लावता येतो. डीएनएला ते जमत नाही, त्यामुळे आमची सुई-चिमटा जमात अजून नोकरीत आहे.

फोटो वेगळे पाठवतो. एकात जबडे स्पष्ट दिसतात, तो मोठा करून बघा.

आपला,
बंडू