शेवटच्या खांबावर व्होल्टेज मोजा : ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

शेतीला वीज किती तास द्यायची यावर दर उन्हाळ्यात वाद होतो. त्या तासांत व्होल्टेज किती येतं, हे मात्र कुणी विचारत नाही. नियमानुसार लघुदाबाला, म्हणजे घराला-शेताला थेट मिळणाऱ्या विजेला, 6 टक्के वरखाली चालतं, म्हणजे थ्री फेजला 415 व्होल्टचे 390 ते 440. युरोपचं मानक 10 टक्के सूट देतं, पण तिथं आठवडाभर दर दहा मिनिटांची सरासरी घेऊन 95 टक्के नोंदी मर्यादेत बसाव्या लागतात. आपल्याकडे तक्रार झालीच, तर मोटरी बंद असताना डीपीपाशी, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरपाशी, टाँग टेस्टर हे मोजयंत्र लावलं जातं. तिथं व्होल्टेज चांगलंच दिसणार.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ-करवीरच्या नदीकाठचा ढोबळ हिशेब मांडतो. डीपीपासून 1 किलोमीटरवर 5 एचपीच्या 10 मोटरी, वर ‘रॅबिट’ जातीची अॅल्युमिनियमची तार. मोटरीमागे पावणेआठ अँपिअर धरले तर तारेतच 85 ते 90 व्होल्ट पडतात आणि मोटरीला 330 च्या आसपास मिळतात. टॉर्क, म्हणजे मोटरीचा फिरवण्याचा जोर, व्होल्टेजच्या वर्गात घटतो, म्हणजे तो साधारण 63 टक्क्यांवर येतो. पाणी तेवढंच उचलायचं असल्यानं मोटर जास्त करंट ओढते, त्यानं व्होल्टेज आणखी पडतं.

जळालेली मोटर उघडली की कारण समोर दिसतं. सगळ्या कॉइली सारख्याच काळ्या आणि वार्निश करपलेलं असेल तर बहुतेक वेळा कमी व्होल्टेज. स्टार जोडणीत दोन फेज काळे आणि तिसरा जसाच्या तसा, तर तीनपैकी एक फेज उडाला होता, म्हणजे त्यातली वीज गेली होती. रिवाइंडिंगचं, म्हणजे कॉइली नव्यानं भरायचं, बिल दोन्ही वेळा शेतकरीच भरतो.

यात आमच्याही लोकांची चूक आहे. प्रत्येक 5 एचपीला तारेतला करंट कमी करणारा 2 केव्हीएआर क्षमतेचा कपॅसिटर जोडला तर वरच्या हिशेबात पंधरा-सोळा व्होल्ट परत मिळतात. पण तो बिघडला की काढून टाकतात, नवा कुणी बसवत नाही. वीज आली की मोटर आपोआप सुरू करणाऱ्या ऑटो स्विचचं तर विचारूच नका. लाइट आली की दहाही मोटरी एकाच क्षणी सुरू होतात, प्रत्येक जण सहापट करंट मागतो आणि स्टार्टरची कॉइल तडतडत बसते. दोन ऑटोंमध्ये दहा-दहा सेकंदांचा फरक सक्तीचा करा. खर्च जवळजवळ शून्य.

पावसाळ्यात नेमकं उलटं. मोटरी नदीतून काढून ठेवलेल्या असतात, लोड उतरतो, व्होल्टेज चढतं आणि घरातले एलईडी जातात. 63 आणि 100 केव्हीए क्षमतेच्या बहुतेक डीपींना टॅपच, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायच्या पायऱ्याच, नसतात. मोठ्या डीपीला असले तरी वीज बंद करूनच फिरवावे लागतात. म्हणून हे काम 33 हजार व्होल्टचे 11 हजार करणाऱ्या 33/11 केव्ही उपकेंद्राचं. तिथला ऑन-लोड टॅप चेंजर, म्हणजे वीज चालू असतानाच टॅप बदलणारं यंत्र, ऑटोवर चालला पाहिजे. आणि लांब लघुदाब लाइनींच्या जागी 11 केव्ही तार शेतापर्यंत न्या, पुढं 16-25 केव्हीएचे छोटे ट्रान्सफॉर्मर बसवा. वरच्या दहा मोटरींच्या एकूण 78 अँपिअरचे 11 केव्हीला तीन उरतात.

न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटण्याचा धोका वेगळा : हलका लोड असलेल्या फेजवर घरातल्या उपकरणांना 400 व्होल्टपर्यंत मिळू शकतात. न्यूट्रलचे जोड आणि डीपीचं अर्थिंग पावसाळ्याआधी तपासणं कागदावर असतं, जागेवर व्हावं.

केंद्राच्या 2020 च्या ग्राहक हक्क नियमांत आपोआप भरपाई देताना व्होल्टेजच्या तक्रारीचाही विचार आहे. पण नोंदच नसेल तर भरपाई आपोआप कशी मिळणार? स्मार्ट मीटर ठरावीक अंतरानं सरासरी व्होल्टेज साठवतात. प्रत्येक डीपीच्या शेवटच्या खांबाजवळचं एक मीटर निवडा, तिथं मीटर नसेल तर सात दिवस लॉगर, म्हणजे व्होल्टेज नोंदवत राहणारं यंत्र, लावा. आकडे उपकेंद्राच्या फाटकावर लावा.

फेब्रुवारीत उसाचं पाणी वाढायच्या आत शिरोळ तालुक्यातला एकच शेती फीडर, म्हणजे उपकेंद्रातून शेतीकडे जाणारी एक 11 केव्ही लाइन, घ्या. खांब दाखवायला आम्ही येतो.

आपले,
कोल्हापूर जिल्ह्यातील रिवाइंडिंग कारागीर व विद्युत ठेकेदार