अँगल ग्राइंडरचे गार्ड काढता कशाला?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

धातू कापायला-घासायला हातात धरून वापरायच्या अँगल ग्राइंडरची वेगाने फिरणारी चकती फुटून कोणाचा डोळा गेल्याची किंवा गाल फाटल्याची बातमी वृत्तपत्रांत अधूनमधून येते आणि ‘काम करत असताना अचानक चकती फुटली’ एवढ्या एका वाक्यावर ती बहुधा संपते. फॅब्रिकेशनच्या कामात उमेदीची वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला त्यातला ‘अचानक’ हा शब्द खटकतो. चकती कोणत्या मापाची होती, ती कोणत्या मशीनला लावली होती आणि मशीनवर गार्ड, म्हणजे चकतीवरचे संरक्षक झाकण, होते का, हे तीन प्रश्न विचारले, तर पुष्कळ अपघातांचे कारण चकती फुटण्याच्या आधीच सापडते.

पाच इंची, म्हणजे 125 मिलिमीटर चकतीचे ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेते. या गतीला चकतीची कड सेकंदाला सुमारे 72 मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ 260 किलोमीटर वेगाने धावत असते. रेझिन (कडक होणारा चिकट पदार्थ) आणि काचतंतूंच्या जाळीने बांधलेल्या नेहमीच्या चकतीची मर्यादा सेकंदाला 80 मीटर असते. म्हणजे योग्य मापाची चकतीसुद्धा मर्यादेच्या बरीच जवळ चाललेली असते. आता याच मशीनला नऊ इंची, 230 मिलिमीटरची चकती लावली तर काय होईल? दोन्ही चकत्यांचे मधले छिद्र 22.23 मिलिमीटरचेच असल्यामुळे ती बसते. आड येते ते फक्त गार्ड, म्हणून ते काढून टाकले जाते. मोठ्या चकतीवर कमाल 6,650 फेऱ्यांच्या आसपासचा आकडा छापलेला असतो आणि इथे ती 11,000 फेऱ्यांनी फिरते. तिच्या कडेचा वेग सेकंदाला 132 मीटरवर जातो, आणि तिला आतून फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो मर्यादेच्या पावणेतीन पट होतो. ‘झिजलेली मोठी चकती वाया कशाला घालवायची’ हा काटकसरी विचारही याच माळेतला आहे, कारण झिजून सहा इंचांवर आलेली चकतीसुद्धा लहान मशीनवर 80 मीटरची मर्यादा ओलांडते.

गार्ड काढण्याचे दुसरे कारण असे सांगितले जाते, की त्यामुळे कापायची रेघ दिसत नाही. गार्ड फिरवता येते, त्यासाठी त्याला खटका किंवा स्क्रू दिलेला असतो, याचा मात्र अनेकांना पत्ताच नसतो. गार्डची बंद बाजू नेहमी आपल्याकडे हवी, म्हणजे ठिणग्या आणि प्रसंग आलाच तर चकतीचे तुकडे समोर जातात. मशीनबरोबर येणारे गार्ड बहुधा घासण्याच्या कामाचे, एका बाजूने उघडे असते. कापण्यासाठी चकती दोन्ही बाजूंनी झाकणारे गार्ड वेगळे मिळते आणि सतत कटिंग करणाऱ्याने ते घ्यावेच. बाजूचे हँडलही असेच काढून टाकले जाते. एका हातात मशीन आणि दुसऱ्या हातात जॉब, म्हणजे कापायची वस्तू, धरून कापणाऱ्याला आमच्या धंद्यात कसबी समजतात, हे आमचे दुर्दैव आहे.

मशीन उसळते कशी, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. चकती चिरेत अडकली की तिचे फिरणे क्षणात थांबते, मोटारचा जोर मात्र थांबलेला नसतो, आणि तो सगळा जोर मशीनला चकतीच्या उलट दिशेने भिरकावतो. हात सावरायला अवधीच मिळत नाही. चकती अडकण्याचे मुख्य कारण कापणाऱ्याच्या हाताइतकेच जॉबच्या टेकूतही असते. पाइप दोन्ही टोकांना टेकवून मधोमध कापला, तर कापत जाल तसा तो मध्ये खचतो, चीर वरच्या बाजूने मिटते आणि चकतीला चिमटा बसतो. तोच पाइप व्हाइसमध्ये (वस्तू आवळून धरणाऱ्या शिकंजात) पक्का धरून तोडायचे टोक बाहेर मोकळे ठेवले, तर ते स्वतःच्या वजनाने खाली झुकते आणि चीर उघडत जाते. मोठा पत्रा असेल, तर चिरेच्या दोन्ही अंगांना, चिरेच्या जवळ आणि कडेला, आधार द्यावा. चकतीच्या रेषेत उभे न राहता किंचित बाजूला उभे राहावे, मशीन पूर्ण गतीला आल्यावरच चकती धातूला लावावी, अर्धवट चिरेत चकती ठेवून बटण कधीही दाबू नये आणि मशीन चकतीच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेनेच पुढे न्यावे. त्याच दिशेने नेले, तर चकती स्वतःच चिरेतून बाहेर पळू पाहते.

काम लवकर व्हावे म्हणून मशीनवर रेटा देण्याची सवय तर सार्वत्रिक आहे. त्याने काम लांबतेच. दाब दिला की फेरे कमी होतात, चकती कापण्याऐवजी घासू लागते, धातू निळा पडतो आणि मोटार तापते. मशीनचे वजन आणि हलका हात पुरेसा असतो. फेऱ्यांचा आवाज खाली गेला की हात सैल करावा. पातळ पत्रा आणि चौकोनी पाइप यांना एक मिलिमीटरची चकती तीन मिलिमीटरच्या चकतीपेक्षा किती तरी लवकर आणि कमी बर (कापलेल्या कडेवर उरणारी धारदार कुसळे) सोडून कापते. मात्र पातळ चकतीला आडवा ताण मुळीच सोसत नाही. कापून झाल्यावर त्याच चकतीच्या बाजूने बर घासणे हा सर्रास चालणारा प्रकार चकती फुटण्याला थेट आमंत्रण आहे. घासण्यासाठी सहा मिलिमीटरची, मध्ये खोलगट चकती असते आणि ती पृष्ठभागाशी साधारण तीस अंशांच्या कोनात धरायची असते. सफाईसाठी फ्लॅप डिस्क, म्हणजे सँडपेपरच्या पट्ट्या लावलेली चकती, आहे. स्टेनलेस स्टीलला त्याचीच चकती वापरावी, आणि साध्या लोखंडावर चाललेली चकती त्यावर फिरवू नये, नाही तर लोखंडाचे कण रुतून तिथे पुढे गंज दिसतो.

चकती लावण्यापूर्वी मशीनचा प्लग काढावा. चकतीच्या मधल्या धातूच्या कडीवर तिची मुदत संपण्याचा महिना आणि वर्ष कोरलेले असते, ते वाचावे. रेझिनला ओल लागली की बांधणी कमकुवत होते, म्हणून जुनी, दमट जागी पडलेली चकती फेकून द्यावी. नवी चकती लावल्यावर गार्ड आपल्याकडे करून, माणसे बाजूला सारून मशीन मिनिटभर मोकळे चालवावे. सदोष चकती बहुधा याच वेळी आपले रूप दाखवते.

डोळ्यांवर गॉगल आणि त्यावर फेस शील्ड, अशी दोन्ही हवीत, कारण नुसत्या शील्डच्या खालून कण आत शिरतात. कानांना संरक्षण, घट्ट बसणारे चामडी हातमोजे, सुती अंगभर कपडे, आणि गळ्यात लोंबणारे काहीही नको. दगड किंवा काँक्रीट कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते आणि तिने फुप्फुसांना होणारे नुकसान भरून येत नाही. तिथे धूळ ओढणारी व्यवस्था आणि योग्य मास्क लागतो, तोंडाला बांधलेल्या रुमालाचा उपयोग नाही. ठिणग्या काही मीटरपर्यंत जातात आणि काचेवर पडल्या तर तिथेच वितळून चिकटतात, हे शेजारी गाडी उभी करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे. इंधनाचे रिकामे पिंप ग्राइंडरने कापणे म्हणजे स्फोट घडवणे आहे, कारण पिंप रिकामे दिसले तरी आत वाफ असते. लाकूड कापण्यासाठी दातेरी पाते या मशीनला लावणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. ते पाते लाकडात रुतले की मशीन हातात राहत नाही, एवढेच सांगतो.

शेवटी एक मागणी विक्रेत्यांकडे आणि मशीन भाड्याने देणाऱ्यांकडे. बटण लॉक होणाऱ्या मशीनमध्ये वीज गेली आणि लॉक तसाच राहिला, तर वीज परत येताच जमिनीवर ठेवलेले मशीन आपोआप सुरू होऊ शकते. हात सुटताच बंद होणाऱ्या पॅडल स्विचची मशीन बाजारात आहेत, ती ग्राहकाला आधी दाखवावीत. आणि गार्ड, बाजूचे हँडल व नट उघडण्याची चावी सोबत नसेल, तर मशीन दुकानाबाहेर जाऊ देऊ नये.

आपला,
एक फॅब्रिकेशन व्यावसायिक